पाखरांचा मुक्काम

आमच्या खाडीत परदेशी पाखरं येतात ती चाकरमान्यांच्याच बेताने. गणपतीच्या आठ-पंधरा दिवस आगेमागे पहिला तुतवार बूड हलवत खाजणाच्या बांधावर दिसतो. शिमग्याच्या पालख्या घरोघर फिरून देवळात गेल्या की एकेक थवा कमी व्हायला लागतो, आणि आंबा पेटीत भरायची घाई सुरू होते तोवर चिखल मोकळा झालेला असतो. चाकरमानी किती दिवस राहणार हे मुंबईच्या मालकाने दिलेल्या रजेवर ठरतं. पाखराला रजा कोण देतो, हा प्रश्न मला शाळकरी वयापासून पडलेला आहे. दहावीनंतर मी शेतीत पडलो, पुस्तकं मिळतील तशी वाचली, पण या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला बांधावरच मिळालं.

आमचं गाव शास्त्री नदीच्या काठी, जिथे नदीचं पाणी खारट होऊन जयगडच्या खाडीला लागतं तिथून थोडं आत. गावाच्या खाली खाजण, मध्ये घरं आणि मळे, वर सडा. या तीन पायऱ्यांवर तीन तऱ्हेची पाखरं उतरतात. खाली चिखलात टिलवे, चिखल्या, तुतवार. मधे भाताच्या कापलेल्या शेतात धोबी आणि पाणलावे. वर कातळावर भोवत्या आणि ससाणे. यातली काही पाखरं चार महिने राहतात, ती आमची हिवाळ्याची बिऱ्हाडकरू. काही मात्र नुसती वाटसरू असतात. आज आहेत, चार दिवसांनी नाहीत. मुक्कामाची खरी गंमत या दुसऱ्या प्रकारात आहे. एकाच जातीचं पाखरू एका वर्षी दोन दिवसांत निघून जातं आणि दुसऱ्या वर्षी पंधरा दिवस हलत नाही. असं का?

माझे वडील निरक्षर होते. त्यांनी याचं उत्तर एका वाक्यात दिलं होतं, "प्वाट भरलां नि वारा मिलाला की पाकरू थांबत न्हाय." पुढे शिकलेल्या माणसांनी या विषयावर जे शोधून काढलं ते मी वाचलं, तेव्हा वडिलांच्या वाक्यात फक्त दोनच गोष्टी घालाव्या लागल्या. एक भीती, आणि दुसरी पुढच्या वाटेची लांबी.

पाखरांची नोंद आमच्या जिल्ह्यात जुनी आहे. रत्नागिरीत नोकरीला असलेल्या विडाल नावाच्या इंग्रज मुलकी अधिकाऱ्याने १८८० साली दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी छापली. ती ज्या मासिकात आली त्याचे संपादक ह्यूम, म्हणजे पाच वर्षांनी काँग्रेस स्थापन करण्यात पुढे असलेले तेच ह्यूमसाहेब. पण यादीवरून पाखरू इथे दिसतं एवढंच कळतं. कालचं पाखरू आणि आजचं पाखरू एकच की दुसरं, हे त्यावरून कळत नाही. बांधावर काल पन्नास टिलवे होते, आज पन्नास आहेत, म्हणून तेच पन्नास असतील असं नाही. धर्मशाळा रोज भरलेली दिसते, पण माणसं रोज वेगळी असतात.

हे कळायला पाखराच्या पायात वाळा घालावा लागला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हे काम १९२७ साली धारच्या महाराजांच्या मदतीने सुरू केलं. पण त्याला मोठा जोर आला तो १९५९ पासून, आणि त्याचं कारण मोठं विचित्र आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली, माणसंही तापाने गेली. तोच हा माकडताप, जो पुढे आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडेही आला. तापाचा विषाणू गोचिडीतून पसरतो. या गोचिड्या परदेशातून पाखरांच्या अंगावर आल्या असतील का, अशी तेव्हा शंका होती. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने पैसे दिले आणि सालिम अलींच्या देखरेखीखाली हजारो पाखरं जाळ्यात धरून, वाळे घालून सोडली गेली. शोधायला गेले रोग, हाताला लागला पाखरांचा प्रवास.

वाळा घालताना पाखरू तोलतात. तेच पाखरू चार दिवसांनी पुन्हा जाळ्यात आलं की पुन्हा तोलतात. मग दिवसाला किती वजन चढलं ते कळतं. गळ्याच्या खाली छातीच्या हाडाजवळ एक खोबण असते. तिथली पिसं फुंकरीने बाजूला केली की कातडीखाली पिवळट चरबी दिसते. खोबण रिकामी असेल तर पाखरू आत्ताच दमून आलेलं. खोबण भरून वर आली असेल तर ते आज-उद्या निघणार. टिलवा चिमणीएवढा, एरवी वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव. त्याची वीण सैबेरियाच्या उत्तरेला, बर्फाच्या मुलखात. एवढासा जीव तिकडून इथे येतो तो या चरबीच्या तेलावर. आणि प्रवासाचा हिशेब पाहिला तर उडण्यात जातात त्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस थांबून खाण्यात जातात. म्हणजे मुक्काम ही प्रवासातली विश्रांती नाही, प्रवासाचा मोठा भाग तोच आहे.

यात एक बारकावा आहे तो शेतकऱ्याला लगेच पटेल. लांबून उडून आलेल्या पाखराचं वजन पहिल्या एक-दोन दिवसांत फारसं वाढत नाही. लांब पल्ल्याच्या आधी काही जातींची पाखरं पोटातली आतडी-जठर लहान करतात, उगाच ओझं नको म्हणून. उतरल्यावर ते पुन्हा वाढवावं लागतं, तेव्हा कुठे खाल्लेलं अंगी लागतं. उपाशी माणसाला आपण आधी पेज देतो, एकदम भाकरी-मटण वाढत नाही, तसंच हे. म्हणून ज्या जागी दोन दिवससुद्धा शांतपणे बसता येत नाही, त्या जागेचा दमलेल्या पाखराला काडीचा उपयोग नाही, मग तिथे किडे-आळ्या कितीही असोत.

आता वाऱ्याचं. याबाबत पाखरू आणि गलबत यांचा कायदा एकच. आमच्या जिल्ह्यातलं दाभोळ हे बहामनी आणि आदिलशाही काळात मोठं बंदर होतं. अरबस्तानातले घोडे तिथे उतरत. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला. पावसात वाटा बंद म्हणून त्याला जुन्नरला थांबावं लागलं. काही वर्षं दख्खन फिरून तो परत निघाला ते आपल्या दाभोळहून. जायचं होतं होर्मुझला, पण जहाज समुद्रात भरकटून आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलं. वारा मनासारखा नसेल तर काय होतं ते यावरून समजावं. आमच्या लहानपणीही नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय होडी पाण्यात पडत नसे, आणि मुंबईची आगबोट पावसाळ्यात बंद असे. बंदरात थांबलेला तांडेल आळशी असतो असं कोणी म्हणत नाही. तो वाऱ्याकडे बघत असतो.

नोव्हेंबरात आमच्या सड्यावर अमूर ससाणे दिसतात. कबुतराहून लहान, करड्या रंगाचे, लाल पायांचे. त्यांची वीण चीन-रशियाच्या सीमेकडे, अमूर नदीच्या मुलखात. हिवाळा काढायला ते जातात आफ्रिकेच्या दक्षिणेला. वाटेत ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते नागालँडमध्ये दोयांग धरणाच्या काठी लाखोंनी उतरतात. त्या दिवसांत तिथे वाळवीला पंख फुटून ती बाहेर पडते, ती खाऊन ते अंगावर चरबी चढवतात. २०१२ साली तिथल्या पांगती गावाच्या परिसरात हे ससाणे जाळी लावून हजारोंनी मारले जात असल्याचं जगाला कळलं. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी ते बंद केलं. त्याच २०१३ च्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर यंत्र बसवून त्यांना नागा, वोखा आणि पांगती अशी नावं दिली. तेव्हापासून अशा यंत्रांवरून कळत गेलं की हे ससाणे भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून पाच-सहा दिवस न थांबता उडत आफ्रिका गाठू शकतात. समुद्रात टेकायला फांदी नाही. म्हणून समुद्राच्या अलीकडे शेवटचा दाणा-पाणी घ्यायची जागा म्हणजे आपला हा पश्चिम किनारा.

ज्याच्या अंगावर चरबी पुरेशी आहे आणि ज्याला ईशान्येचा वारा पाठीमागून मिळतो, तो ससाणा आमच्यावरून थांबताही न जाता निघून जातो. ज्याची चरबी कमी पडली किंवा वारा समोरून आला, तो सड्यावर उतरतो आणि चतुर खातो. त्या दिवसांत कातळावर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे तरंगत असतात, तुम्ही पाहिले असतील. हे चतुरसुद्धा त्याच वाऱ्यावर समुद्र ओलांडतात. मालदीवमध्ये राहणाऱ्या चार्ल्स अँडरसन या संशोधकाने २००९ साली ते मांडलं. मालदीवमध्ये गोडं पाणी जवळजवळ नाही, तरी दरवर्षी ऑक्टोबरपासून तिथे चतुर येतात, ते भारताकडून आफ्रिकेकडे जाताना. म्हणजे ससाण्याची शिदोरीही त्याच्याबरोबरच उडत असते. त्याच्याइतका सुखी वाटसरू नाही.

वारा फिरला की काय होतं ते आम्ही २००९ च्या नोव्हेंबरात पाहिलं. फयान वादळात रत्नागिरीच्या कितीतरी होड्या गेल्या, माणसं गेली. आमच्या गावाला पाखरांकडे बघायला तेव्हा सवड नव्हती. पण वीज गेलेल्या तारांवर भिंगऱ्या एकमेकींना चिकटून बसलेल्या होत्या, आणि ऊन पडून वारा सरळ होईपर्यंत त्या हलल्या नाहीत, हे माझ्या डोळ्यांपुढे आहे.

परतीच्या वेळी मुक्कामाचा हिशेब बदलतो. जाताना फार घाई नसते. परतताना मात्र विणीची चांगली जागा दुसऱ्याने घेण्याआधी गाठायची असते, आणि उत्तरेतला उन्हाळा थोड्या दिवसांचा. म्हणून फाल्गुन-चैत्रात पाखरं अधाशासारखी खातात. सावर आणि पांगारा फुलला की भोरड्यांची झुंबड बघावी. एरवी त्या इकडे तिकडे भटकतात, तेव्हा मात्र एका झाडावरून उठत नाहीत. पेरणीच्या तोंडावर माहेरी आलेली लेक जशी एक रात्र राहून सकाळी निघते, तसं त्यांचं होतं.

आता भीतीचं. आमच्या लहानपणी पोरांच्या हातात गलोल असायची, काही लोक पाणलाव्यांना फासकी लावायचे. १९७२ चा वन्यजीव कायदा झाला, गावात तो पोचायला अजून काही वर्षं गेली, पण ते बरंच थांबलं. आज भीती वेगळ्या वाटेने आली आहे. ओहोटीला पाखरं चिखलात चरतात आणि भरतीला बसायला मोकळी कोरडी जागा शोधतात. भांगाच्या दिवसांत पाणी कमी चढतं, जागा उरते. उधाणाला सगळा चिखल बुडतो, मग पुळणीचा वरचा पट्टा, खाजणाचा बांध नाहीतर कापलेली शेतं एवढंच राहतं. नेमक्या त्या पट्ट्यात आता गाड्या फिरतात, मोकाट कुत्री पळतात, आणि फोटोसाठी थवा उडवायची हौस असते. एकदा उडवला तर बिघडत नाही. दिवसातून वीस वेळा उडवला की दिवसभर खाल्लेलं उडण्यातच संपतं. मग पाखरू दोनपैकी एक करतं. वजन पुरत नाही म्हणून मुक्काम लांबवतं, नाहीतर अर्ध्या पोटी उठून पुढे जातं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. बघणारा म्हणतो, "यंदा पाखरं लवकर गेली," पण ती भरल्या पोटी गेली की उपाशी, हे त्याला कळत नाही.

आता खाजणाचा इतिहास सांगतो, कारण आमच्याकडे पाखरांचा मुक्काम खऱ्या अर्थाने तिथे ठरतो.

खाजण म्हणजे खाडीचा चिखल बांध घालून अडवलेला. ते मुळात पाखरांचंच चरण्याचं रान. आमच्या पूर्वजांनी माती-दगडाचा बांध घातला, पाणी जायला-यायला उघाडी ठेवली, आणि पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन निघालं की तांबडा राता भात रहू टाकून पेरला. दिवाळीनंतर भात निघालं की खाजण चार महिने मोकळं, ओलं. उघाडीतून पाणी आत यायचं, त्याबरोबर बोय, कोळंबी, कुर्ल्या. पाखरांचा चिखल घेतला खरा, पण भरतीला बसायची जागा आम्ही त्यांना दिली. तो न लिहिलेला करार होता म्हणा.

हा बांध टिकायचा तो गावकीवर. एका घरचा एक माणूस, वर्षातले ठरलेले दिवस. सरकारनेही १९४८ साली खार जमिनींचा कायदा केला, १९७९ साली नवा केला. पण बांधाला कायदा नाही, हात लागतात. आमचे हात मुंबईच्या गिरण्यांत गेले. गाव मनीऑर्डरीवर जगायला लागलं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या तरी ते हात बांधावर परत आले नाहीत. एका पावसाळ्यात बांधाला खांड पडली, दुसऱ्या वर्षी ती रुंदावली, आणि खारं पाणी कायमचं आत आलं. १९९० पासून रोजगार हमीतून फळबागा लावायला सरकारने पैसे दिले, तेव्हा उरलेली माणसं सड्यावर हापूसची कलमं लावायला गेली. त्याबद्दल मी तक्रार करत नाही, माझ्या मुलांची शिक्षणं त्या कलमांवर झाली. पण खालची शेती सुटली ती सुटलीच.

सुटलेल्या खाजणात तिवर आणि कांदळ उगवले. आज ते उंच वाढले आहेत. कांदळवन चांगलं आहे, वादळ अडवतं, मासळीला आसरा देतं, आणि ते तोडायला बंदी आहे ती योग्यच आहे. पण टिलवे-चिखल्यांना दाट कांदळात बसवत नाही. त्यांना चारी बाजूंनी ससाणा येताना दिसेल अशी मोकळी जागा लागते. म्हणजे माणसाने पाय काढला की पाखरांचं भलं होतं, असं सरसकट म्हणता येत नाही. आमच्या खाजणात बगळे वाढले, टिलवे कमी झाले.

आता उरलेल्या मोकळ्या भागावर कोळंबीची तळी काढायचा प्रस्ताव आहे. त्यात माझे अकरा गुंठे आहेत. माझा मुंबईचा धाकटा भाऊ म्हणतो, "दादा, पडीकच आहे ना? मग चार पैसे का सोडायचे?" त्याचं म्हणणं चूक नाही. पडीक जमिनीचा सातबारा पोट भरत नाही. मी त्याला दक्षिण कोरियातल्या सेमांगमची गोष्ट सांगितली. तिथे समुद्रात ३३ किलोमीटर लांबीचा बांध घालून २००६ च्या एप्रिलमध्ये भरतीच्या चिखलाचं तोंड बंद केलं. ऑस्ट्रेलियाहून सैबेरियाकडे जाणारी पाखरं तिथे थांबून पोट भरत. लोकांना वाटलं, ती बाजूच्या चिखलात जातील. पण बाजूच्या चिखलात आधीच दुसरी पाखरं होती. ती तिथे मावली नाहीत, त्यांची संख्याच घटली. जत्रेच्या गावात एक धर्मशाळा पाडली तर दुसरीत जागा वाढत नाही, तसं.

भाऊ म्हणाला, "कोरियाचा चिखल कुठे, आपले अकरा गुंठे कुठे." हेही खरं. आमच्या अकरा गुंठ्यांवाचून जगातलं एकही पाखरू मरणार नाही. पण शास्त्रीच्या दोन्ही काठांवर असे अकरा-अकरा गुंठेच आहेत, आणि प्रत्येक गावात एकेक भाऊ हेच म्हणतो आहे. दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, या सगळ्या खाड्यांत मोठं एकसंध असं काही नाही. आपला किनारा म्हणजे लहान लहान मुक्कामांची माळ आहे.

मी भावापुढे ठेवलेला हिशेब असा. खांड बुजवून उघाडी पुन्हा बसवायची. सगळं खाजण नव्हे, ज्यात अजून कांदळ आलेला नाही तेवढंच. पावसात खाऱ्या पाण्यात टिकणारं भात, नंतर उघाडीतून येणारी मासळी. तळ्याइतका पैसा यात नाही. पण तळ्यात रोग आला तर सगळंच जातं, इथे तसं नाही. गावकीच्या बैठकीत सात घरं तयार झाली आहेत, नऊ नाहीत. भावाने अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. यंदा गणपतीला तो आला की बांधावर घेऊन जाणार आहे.

सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांचे जन्मदिवस त्या आठवड्याच्या दोन टोकांना येतात. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या सड्यावर ससाणे आणि खाली टिलवे असतात. शाळेतली पोरं तेव्हा चित्रं काढतात, घोषणा देतात. मी मास्तरांना सांगितलं आहे, पोरांना एक वही द्या. भरतीच्या वेळी बांधावर किती पाखरं बसली, दिवसात किती वेळा उडाली आणि कशाने उडाली, वारा कुठला होता, एवढंच रोज लिहा. पाच वर्षांची अशी वही झाली तर आमच्या गावात पाखरू किती दिवस राहतं आणि का जातं, हे गावच्याच अक्षरात लिहिलेलं राहील. यंदा दोन मुलींनी वही घातली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, "वारा मतलई. टिलवे १४. कुत्र्याने दोनदा उडवले."